कॅम्परच्या ब्लॅक टँकचा व्हॉल्व जाम झालाय, न तोडता कसा सोडवायचा?

पाखाडीवरची

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरजवळ राहतो, घरचं होमस्टे आहे आणि यंदा टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली एक कॅम्पर सेकंडहँड घेतली. आत छोटं किचन, टॉयलेट आणि चासीखाली दोन टाक्या, एक ब्लॅक म्हणजे टॉयलेटची, दुसरी ग्रे म्हणजे सिंक आणि अंघोळीच्या पाण्याची. आधीच्या मालकाने गाडी अख्खा पावसाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी ठेवलेली, ब्लॅक टँक पूर्ण रिकामा न करता. आता त्याचं हँडल ओढलं तर केसभरही हलत नाहीये. ग्रेचा व्हॉल्व अर्धा उघडतो आणि तिथेच अडकतो, मग पाणी थेंबथेंब जात राहतं.

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन हेदवी, वेळणेश्वर, गणपतीपुळे करत खाली मालवणपर्यंत जायचंय. बाबांच्या गुडघ्यांमुळे त्यांना कुठेही उतरून बसणं जमत नाही, त्यामुळे गाडीतलं टॉयलेट चालू असणं ही आमच्यासाठी चैन नाही, त्याशिवाय बाबांना नेताच येणार नाही.

गॅरेजवाला म्हणतो आत डिझेल ओता, एकाने अ‍ॅसिड सांगितलं, शेजारचे काका म्हणतात पाना लावून जोरात ओढ. मला भीती ही की काहीतरी तुटलं तर सगळा मैला अंगणात येईल, आणि विहीर तिथून लांब नाही. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

रानवाट_६६

ताई, आधी पाना खाली ठेवा. जोर लावून हे काम होत नाही.

दोन गोष्टी सांगा म्हणजे नीट उत्तर देता येईल. हँडलचा दांडा सरळ व्हॉल्वमध्ये जातो की मध्ये केबल आहे (बाईकच्या क्लचला असते तशी)? आणि व्हॉल्व बाहेरून दिसतो की टाकीच्या कव्हरच्या आत लपलाय?

पाखाडीवरची

खाली आडवी होऊन बघितलं. ब्लॅकला सरळ लोखंडी दांडा आहे, गंजलेला. काळा प्लास्टिकचा चपटा व्हॉल्व, ३ इंची पाईपवर, चार कोपऱ्यांना चार नटबोल्ट. ग्रेचा व्हॉल्व लहान आहे, दीड इंची, आणि त्याला केबल आहे जी चासीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाते. दोन्ही उघडे दिसतात, कव्हर नाही.

कुडाळचा_मेस्त्री

वायच दम धर गो बाय, जोर लावलंस तर दांडो हातात येतलो.

आता नीट लिहितो. मी गाड्यांच्या बॉडीचं काम करतो, हल्ली कॅम्परचं पण येतं, त्यामुळे हे व्हॉल्व बरेच खोललेत. आत काय असतं ते आधी समजून घे, मग काय करायचं ते आपोआप कळेल. प्लास्टिकच्या दोन फ्लँज (पाईपला जोडलेल्या चपट्या कडा) असतात, त्यांच्या मधे एक चपटं पातं, आणि पात्याच्या दोन्ही अंगाला एकेक रबर सील. हँडल ओढलं की पातं दोन सीलच्या मधून सरकून बाजूच्या खोबणीत जातं आणि वाट मोकळी होते, बस इतकंच. दांडा त्या पात्यात आट्यांनी बसवलेला असतो आणि पातं बहुतेक वेळा प्लास्टिकचं. म्हणून पाना लावून हिसका दिला की आटे सोलतात, दांडा सुटून हातात येतो आणि पातं बंदच्या बंद राहतं, वर भरलेली टाकी. मग सोपं काम अवघड होऊन बसतं.

जाम कशामुळे होतं? सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाळणं. सीलच्या खाचेत मैला आणि कागद अडकतो, टाकी कोरडी पडली की तो दगडासारखा होतो, आणि सील पण कोरडं होऊन पात्याला चिकटतं. दुसरं कारण म्हणजे दांडा. बॉडीतून बाहेर येतो तिथे त्याला एक छोटं सील असतं, दांडा गंजला की खरखरीत होतो आणि तिथेच पकडला जातो, समुद्राकाठी खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. तिसरं म्हणजे पाईपला खालून आधार नसला की त्याचं सगळं वजन व्हॉल्ववर येतं, बॉडी जरा पिळते आणि पातं तिरकं घासायला लागतं. हे पण बघून घे, पाईप हाताने किंचित वर उचलून धर आणि हँडल हलतं का बघ, कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

तुझ्या गाडीत पहिली दोन्ही कारणं एकत्र असणार असं वाटतं. तर असं कर.

आधी बाहेरचं काम. दांडा पूर्ण पुसून घे, गंज बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढ, दांडा गुळगुळीत लागला पाहिजे. मग दांडा बॉडीत शिरतो तिथे सिलिकॉन स्प्रे मार. लगेच ओढू नको, मुरू दे.

मग आतलं काम. कमोडमधून टाकीत कोमट पाणी सोड, हाताला सोसेल इतकंच गरम, उकळतं अजिबात नको कारण ७०-८० डिग्रीच्या आसपास पीव्हीसी मऊ पडायला लागतं आणि सीलची पण वाट लागते. पाण्यात भांडी घासायचं लिक्विड भरपूर टाक. टाकी अर्ध्याच्या वर पण गळ्यापर्यंत नाही अशी भर. रात्रभर राहू दे, आणि सकाळी गाडी जरा खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्याने फिरवून आण, पाणी हिंदकळलं की पात्यावर साचलेलं सुटतं. एवढ्याने नाही सुटलं तर परत तेच. घाई केलीस तर नुकसान, भिजत ठेवलंस तर काहीच बिघडत नाही.

आता उघडताना. आधी होज (मैला सोडायचा लवचिक पाईप) लाव, होजचं दुसरं टोक जिथे मैला जायचाय तिथे पक्कं बसव, मगच हँडलला हात लाव, कारण हे अचानक सुटतं. बाहेरचं कॅप काढताना पण बादली खाली ठेव आणि हळू फिरव, व्हॉल्व जरासा गळत असेल तर कॅपच्या मागे पाणी साचलेलं असतं. ग्लोव्हज, चष्मा, पायात बूट. आणि आधी ढकल, मग ओढ. आत ढकलायचं, थोडं बाहेर, परत आत, दांड्याच्या सरळ रेषेत, तिरकं नाही. एकेक मिलिमीटर सरकायला लागलं की समज आलं.

हर्णै_बंदर

आमच्याकडे अशा वेळी खोबरेल तेल ओततात, घरचंच असतं, रबराला पण चांगलं. कमोडमधून अर्धा लिटर टाका आणि विसरून जा. नाहीच झालं तर एखादा कामाचा माणूस बघून व्हॉल्व खोलून हाताने साफ करून घ्या, दोनपाचशे रुपयांत होऊन जातं.

रानवाट_६६

दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण दोन्ही गोष्टींना माझा ठाम विरोध आहे.

खोबरेल तेल साधारण २४ डिग्रीच्या खाली थिजतं. किनाऱ्यावर बारा महिने पातळ दिसतं खरं पण हीच गाडी थंडीत आंबोलीला किंवा घाट चढून महाबळेश्वरला नेली की सीलच्या खाचेत तेच गोठून बसेल. शिवाय बरीच खाण्याची तेलं काळाने चिकट होतात आणि त्यावर घाण धरते. डिझेल, इंजिन ऑईल, पेट्रोलियम जेली, साधं ग्रीस, हे पण नको. पाण्याच्या कामातली बरीच सीलं ज्या जातीच्या रबराची असतात ते रबर पेट्रोलियमने फुगतं, आणि फुगलेलं सील पात्याला आणखी आवळून धरतं. डिझेल तर शेवटी सेप्टिक टँकमध्ये जाणार, तिथले जीवाणू मारणार. गंजाचे जे नेहमीचे स्प्रे मिळतात ते बाहेरच्या नटबोल्टला मारा, रबरापासून लांब ठेवा.

सिलिकॉन ग्रीस वापरायचं. आरओ फिल्टरची सर्व्हिस करणाऱ्यांकडे असतं, हौसिंगच्या ओ-रिंगला (गोल रबरी सीलला) ते हेच लावतात. मालवण-तारकर्लीला स्कूबावाल्यांकडेही ओ-रिंगसाठी असतं. छोटी ट्यूब खूप दिवस पुरते.

अ‍ॅसिडचं तर नावच काढू नका. ताई, आधीच्या मालकाने टाकीत ब्लीच टाकलेलं असेल आणि तुम्ही वरून टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड ओतलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि तो बंद गाडीत, कमोडवर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर. मैला कुजल्यामुळे टाकीत आधीच हायड्रोजन सल्फाईड आणि मिथेन असतो, म्हणून काम मोकळ्या हवेत, सगळी दारंखिडक्या उघडी ठेवून करा आणि जवळपास विडी-सिगारेट कोणी पेटवायची नाही.

आणि दुसरी गोष्ट. पैसे देऊन कुणाला तरी हाताने मैला काढायला लावायचं हे मनातूनच काढून टाका. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या गाडीची घाण दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते. टाकी उपसायचीच वेळ आली तर सेप्टिक टँक उपसणारी सक्शनची गाडी बोलवा, तिचा पाईप कमोडमधून खाली सोडता येतो.

हर्णै_बंदर

पटलं. तेलाचं मी खरंच या अंगाने बघितलं नव्हतं. कामाच्या माणसाचं बोललो ते प्लंबर या अर्थी, पण मुद्दा बरोबर आहे तुमचा.

जांभ्यातली_विहीर

मी यात मुद्दाम लिहितेय कारण वर सगळे व्हॉल्व कसा उघडायचा सांगतायत आणि मला काळजी आहे ती उघडल्यावर बाहेर काय जातं याची.

आपल्याकडे जमीन जांभ्याची. जांभा छिद्राछिद्रांचा, त्यात भेगा, वरून ओतलेलं पाणी कुठे जातं ते दिसतही नाही आणि गाळलंही जात नाही, थेट विहिरीच्या झऱ्याला लागू शकतं. म्हणून "कोपऱ्यात खड्डा काढला आणि सोडलं" हे कोकणात चालत नाही, पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा खाडीत तर नाहीच नाही. किनाऱ्यावर गाड्या लावून रात्री हळूच व्हॉल्व उघडणारे लोक मी बघितलेत आणि सकाळी त्याच वाळूत पोरं खेळताना पण बघितलीत. फार संताप येतो.

ताई तुमचं होमस्टे आहे म्हणजे घरचा सेप्टिक टँक असणारच. त्याच्या चेंबरमध्ये होज सोडा, तोंडाला फडकं गुंडाळा म्हणजे उडणार नाही, आणि थोडं थोडं सोडा, एकदम पूर्ण टाकी ओतली तर आतला गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. टाकीत वासासाठी केमिकल टाकत असाल तर त्यावर फॉर्मल्डिहाईड लिहिलेलं नाही ना बघा, ते सेप्टिकच्या जीवाणूंना मारतं. एन्झाईमवालं घ्या.

प्रवासात जिथे मुक्काम तिथल्या मालकाला आधी फोनवर विचारा की ब्लॅक टँक तुमच्या सेप्टिकमध्ये सोडू का. राज्याचं कारवान धोरण २०२१ ला आलं, पण नुसत्या धोरणाने प्रत्येक गावात टाकी रिकामी करायची जागा होत नाही, आपल्यालाच विचारून ठरवावं लागतं. बहुतेक लोक हो म्हणतात, आपण स्वच्छ काम करतो आणि पैसे देतो म्हटलं की.

पाखाडीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. विहिरीचं वाचून अंगावर काटा आला, चेंबरमध्येच सोडणार.

अपडेट. दांडा साफ केला, सिलिकॉन मारलं, कोमट पाणी आणि लिक्विड टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी भावाने गाडी शृंगारतळीपर्यंत नेऊन आणली. आल्यावर हललं नाही. परत भिजत ठेवलं. आज दुपारी मेस्त्रीकाकांनी सांगितलं तसं आत-बाहेर करताना कट्ट असा आवाज आला आणि सुटलं!! होज आधीच लावलेली होती म्हणून अंगण वाचलं. पातं आता पूर्ण मागे येतं.

पण बंद केल्यावर कॅपमधून बारीक धार येते, म्हणजे व्हॉल्व नीट बसत नाहीये. आणि ग्रेचं काय करू? तिथे पण हेच सगळं करून झालंय, फरक नाही.

कुडाळचा_मेस्त्री

झकास! आता गळतीचं.

आधी टाकीत दोन-तीन वेळा साधं पाणी भरून जोरात सोड, व्हॉल्व उघडबंद करत राहा. खाचेत एखादा तुकडा राहिला की पातं शेवटचे दोन मिलिमीटर जात नाही, आणि तेवढ्यातून धार येते. एवढं करूनही थांबलं नाही तर सील गेलंय.

सील बदलणं अवघड नाही, फक्त टाकी पूर्ण रिकामी आणि धुतलेली पाहिजे. चारही बोल्ट काढ, फ्लँज जरा फाकव, व्हॉल्व मधून सरकून बाहेर येतो. जुनी सीलं काढ, फ्लँजची खाच जुन्या टूथब्रशने घास, नवीन सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दे. आता नीट वाच, गळती होते ती इथेच. सीलचा ओठ खाचेत पूर्ण बसला पाहिजे. व्हॉल्व परत सरकवताना सील दुमडतं, वरून काही दिसत नाही, आणि मग नवीन सील टाकून पण गळतं. म्हणून दोन माणसं लागतात, एकाने फ्लँज फाकवून धरायच्या, दुसऱ्याने बोटाने सील चाचपत व्हॉल्व आत घ्यायचा. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, गाडीच्या चाकाचे आवळतो तसे. फार आवळलंस तर प्लास्टिक वाकतं आणि पातं परत जड होतं. हाताने घट्ट, वर पान्याने थोडंसं, बस.

नटबोल्ट बदलतेच आहेस तर स्टेनलेसचे ३१६ ग्रेडचे घाल. समुद्राकाठी ३०४ वर पण तांबूस डाग धरतात. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बाजूला बोटीचं सामान विकणारे असतात त्यांना विचार.

सील आणि व्हॉल्व ऑनलाईन मागव, इथे दुकानात मिळणं कठीण. कोणी म्हणेल की शेतीच्या दुकानातला पीव्हीसी बॉल व्हॉल्व टाकून दे. तो टाकता येतो, पण आपल्याकडे पाईप ९० मिमीचा आणि बाहेरून आलेल्या ३ इंची फिटिंगचा पाईप ८८.९ मिमीचा, दिसायला सारखे पण सोल्युशनचा (पाईप चिकटवायच्या द्रावणाचा) जॉइंट भरवशाचा होत नाही. तुझा पाईप काळा असेल तर तो बहुधा एबीएस म्हणजे वेगळ्या जातीचं प्लास्टिक, त्याला पीव्हीसीचं सोल्युशन पकडत नाही. शिवाय बॉल व्हॉल्वचं हँडल पाव फेरा फिरायला चासीखाली जागा लागते. म्हणून आहे तोच प्रकार ठेव.

तोपर्यंत काम चालवायला बाहेरच्या तोंडावर फिरवून बसणारा दुसरा व्हॉल्व मिळतो तो लाव. मी तर म्हणेन कायमचा ठेव. आतला कधी गळला तरी कॅप उघडल्यावर हातावर काही येत नाही.

रानवाट_६६

ग्रेचं मी सांगतो. अर्धा उघडून अडकतो आणि मध्ये केबल आहे म्हणजे पहिला संशय केबलवर घ्यायचा. केबल व्हॉल्वच्या टोकाला सोडवा आणि पातं हाताने ओढून बघा. हाताने गुळगुळीत चाललं तर व्हॉल्व चांगला आहे, केबल आतून गंजलीय किंवा वळणावर मोडलीय. अशा केबलला तेल पाजून फार तर महिना निघतो, बदलूनच टाका. नवीन केबलला वळणं कमी आणि मोठी ठेवा.

हाताने पण जड लागलं तर मग आत चरबी आहे. ग्रे टाकीत मैला नसतो पण किचनचं पाणी असतं, आणि आपल्याकडच्या किचनचं म्हणजे तळलेल्या बांगड्याचं तेल, भाताची पेज, माशांची खवलं. खवलं त्या खाचेत अगदी फिट बसतात. गरम पाणी (सोसेल इतकंच), डबल लिक्विड, रात्रभर. आणि पुढे सिंकला बारीक जाळी लावा, तव्यातलं तेल कागदाने पुसून मगच तवा सिंकमध्ये. मासे गाडीत साफ करूच नका, बाजारातून करूनच आणा.

पाखाडीवरची

केबलच निघाली! हाताने पातं लोण्यासारखं सरकतं. केबल काढली तर आतली तार तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. केबलच्या जागी सरळ दांडा टाकता येईल का? आणि हे परत होऊ नये म्हणून रोजच्या वापरात काय करायचं तेवढं सांगा, पाहुण्यांना पण गाडी द्यायचा विचार आहे पुढे.

कुडाळचा_मेस्त्री

दांडा टाकता येतो, व्हॉल्वचं तोंड गाडीच्या कडेकडे वळवता आलं तर. स्टेनलेसचा घे आणि मध्ये एक आधाराची क्लिप दे म्हणजे लोंबकळणार नाही. केबलपेक्षा केव्हाही बरा.

वापराचं म्हणशील तर ब्लॅकचा व्हॉल्व नेहमी बंद ठेवायचा. एके ठिकाणी चार दिवस उभे असलात आणि होज सेप्टिकला जोडलेली असली तरी उघडा ठेवायचा नाही. उघडा ठेवला की पाणी निघून जातं आणि घट्ट तेवढं कमोडच्या बरोब्बर खाली ढिगाऱ्यासारखं साचत वाळतं, आणि ते फोडणं व्हॉल्वपेक्षा दहापट कठीण. टाकी दोनतृतीयांश भरू दे मग व्हॉल्व पूर्ण उघडून सोड (सेप्टिकमध्ये सोडताना वर सांगितलंय तसं टप्प्याटप्प्याने), पाण्याच्या जोराने सगळं निघतं. आधी ब्लॅक सोडायचा, मागून ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतली जाते. सोडून झालं की व्हॉल्व बंद करून कमोडमधून आठ-दहा लिटर पाणी टाकूनच पुढे निघायचं, कोरडी टाकी ठेवायचीच नाही. आपले लोक जेट वापरतात त्यामुळे पाणी बऱ्यापैकी जातं, कागद कमी जातो, हे टाकीसाठी चांगलंच आहे, फक्त टाकी लवकर भरते हे लक्षात ठेव.

पाहुण्यांना ओले वाईप्स, सॅनिटरी पॅड, डायपर कमोडमध्ये टाकायचे नाहीत हे आधी तोंडाने सांग, नुसता कागद चिकटवून लोक वाचत नाहीत. वाईप्सवर "फ्लश होतं" लिहिलेलं असलं तरी नाही. बाजूला झाकणाचा डबा ठेव.

जांभ्यातली_विहीर

पावसाळ्यासाठी मी एक जोडते. मे संपता संपता दोन्ही टाक्या रिकाम्या करून साध्या पाण्याने धुवायच्या, दांडे पुसून सिलिकॉन लावायचं, मग दोन्ही टाक्यांत थोडं लिक्विडचं पाणी ठेवून व्हॉल्व बंद. जून ते सप्टेंबर गाडी हलत नसली तरी पंधरवड्यातून एकदा बाहेरचं कॅप लावलेलं असताना हँडल उघडबंद करून घ्यायचं. कॅपमागे येईल ते साबणाचं पाणीच असेल, बादलीत घ्या. गाडी समुद्राच्या तोंडाला न ठेवता घराच्या आडोशाला लावता आली तर दांडेही टिकतील आणि चासीही.

पाखाडीवरची

हे सगळं वहीत उतरवून घेतलं, गाडीतच ठेवणार. सील आणि बाहेरचा व्हॉल्व मागवलाय. मालवणच्या मुक्कामाला फोन केला, ते सेप्टिकमध्ये सोडायला हो म्हणाले, गणपतीपुळ्याचं अजून विचारायचंय. त्या बाजूला कोणाची ओळखीची जागा असेल, जिथे चेंबरपर्यंत गाडी जाते, तर कळवा.

हर्णै_बंदर

मालगुंडला आमच्या मामेबहिणीचं होमस्टे आहे, चेंबर अंगणातच आहे आणि मोठा टेम्पो आत वळतो. तिला विचारून मेसेज करतो.